घुमटातील अरुंधती

कृत्रिम वस्तूंविषयी माझ्या मनात प्रथमपासूनच एक अढी आहे. कागदाची फुले, मेणाची फळे, दिवाणखान्यात टांगलेली धबधब्याची रंगीत तसबीर यांच्याकडे पाहिले की, कोणी तरी आपल्याशी अत्यंत गोड आवाजात खोटे बोलत आहे, असे मला वाटू लागते. म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या घरी जेव्हा वरळीच्या नेहरू तारांगणात जाण्याची टूम निघाली, तेव्हा मी साहजिकच नाक मुरडले. डोक्यावर खरे आकाश फुकट पसरलेले असताना तिकीट काढावयाचे, रांगेत उभे राहावयाचे आणि भर दुपारी एका घुमटाच्या पोटात शिरून तेथे उमटवलेल्या चांदण्या पाहावयाच्या, हा प्रकार मला परसात विहीर असताना बाटलीतले पाणी विकत घेण्यासारखा वाटला. जेवताना मी तसे बोलूनही दाखवले.

“खरे आकाश?” पानावरून मान वर न करता आत्याने विचारले. “ते तुमच्या मुंबईत कुठे असते रे?”

यावर मजजवळ उत्तर नव्हते. चांगल्या काळोख्या रात्री उघड्या डोळ्यांना दिसू शकतील असे तारे साऱ्या खगोलावर मिळून सुमारे ९००० आहेत, आणि त्यांतील निम्मे एका वेळी क्षितिजाच्या वर असतात, हे मी पुस्तकात वाचलेले होते. परंतु आमच्या गच्चीवरून मी ते कधी मोजून पाहिले असते, तर दोन्ही हातांची बोटे फार तर दोन-तीनदा पुरती झाली असती. रस्त्यांवरील दिवे, दुकानांच्या पाट्या, हवेतील धूळ आणि समुद्रावरून येणारी वाफ यांनी मुंबईवर एक पिवळसर झाकण घातलेले आहे. त्या झाकणातून शुक्र आणि गुरू डोकावतात, व्याध दिसतो. बाकीचे आकाश आहे म्हणून मानावयाचे. तेव्हा ज्या विहिरीचा मी दाखला दिला होता, ती प्रत्यक्षात केव्हाच बुजलेली होती. आत्याने एका प्रश्नात माझा युक्तिवाद निकालात काढला आणि आमची तारांगणाची स्वारी ठरली.

आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, दापोलीजवळच्या आमच्या गावी राहते. तिचे वय आज ८२ आहे. तरुणपणीच वैधव्य आल्यावर ती माहेरी आली आणि तेव्हापासून ते घर, त्याच्या मागची आगर आणि दर उन्हाळ्यात तेथे जमणारी आम्हा भावंडांची पलटण, ही सर्व तिनेच सांभाळली. गेल्या पावसाळ्यात तिला पायरी दिसेनाशी झाली. समोरचे माणूस ओळखू येई, पोथीतील अक्षरही लागे. परंतु बाजूला ठेवलेली कळशी दिसत नसे आणि तिच्यावर पाय आपटे. तिला मुंबईस आणून डोळे तपासले, तेव्हा काचबिंदू फार पुढे गेल्याचे कळले. या रोगात दृष्टी कडेकडेने खात जाते आणि माणूस एखाद्या नळीतून जग पाहू लागतो. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले, “मोतीबिंदू काढता येतो, तसे हे नव्हे. जे गेले ते परत येणार नाही. उरले आहे ते राखता येईल, पण त्यासाठी रोज रात्री ठरल्या वेळी थेंब घातले पाहिजेत.” आत्याने ते शांतपणे ऐकून घेतले. रोज रात्री मी विचारी, “आत्या, थेंब घातलेस का?” आणि ती म्हणे, “घातले हो.” एवढ्याने माझे कर्तव्य संपत असे.

आकाशाची ओळख मला याच आत्याने करून दिली. उन्हाळ्यात आम्ही मुले खळ्यात सतरंजी अंथरून निजत असू. आत्या मध्ये बसे आणि बोटाने एकेक चांदणी दाखवी. आजोबांच्या संग्रहात शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे ‘ज्योतिर्विलास’ होते. दीक्षितांचा जन्म आमच्या गावापासून जवळच मुरुडला १८५३ साली झालेला; त्यामुळे आकाशाविषयी चार शब्द बोलण्याचा आपल्या मुलखाला काही विशेष अधिकार आहे, अशी आत्याची समजूत होती. पण पुस्तकातली नावे ती मागाहून सांगे, आधी गोष्टी. सप्तर्षींतील चार तारे म्हणजे म्हाताऱ्या बाईची बाज, आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ती बाज ओढून नेणारे तीन चोर. पश्चिमेकडे मावळतीला टेकलेल्या मृगाच्या पोटात ते तिकांडे, म्हणजे व्याधाने मारलेला बाण. हे सर्व झाले की शेवटचा प्रश्न ठरलेला असे: “मधल्या चोराशेजारी अगदी बारीक चांदणी आहे, ती दिसते का? ती अरुंधती. लग्नात नव्या नवरीला दाखवतात ती.”

माझ्या भावंडांना ती चटकन दिसे. मला दिसत नसे. मला मुळात मधला चोरही धड दिसत नसे. त्या जागी कापसाचा एक पुंजका असल्यासारखे वाटे. मला लांबचे दिसत नाही, ही गोष्ट मलाच ठाऊक नव्हती; साऱ्या जगाला चांदण्या अशाच दिसत असतील, अशी माझी कल्पना होती. तथापि नऊ वर्षांच्या मुलाने ‘दिसत नाही’ असे कबूल करणे सोपे नव्हते, कारण आमच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी खळ्यात बसून एकदा सांगितले होते की, ज्याला अरुंधती दिसेनाशी होते, त्याचे आयुष्य वर्षभरात संपते. हा समज आपल्याकडे फार जुना आहे. सांगणारा सांगून गेला. मी मात्र ते ऐकून थंडगार पडलो. आत्याने विचारले, तेव्हा मी घाईघाईने म्हणालो, “दिसली!”

“कोणत्या अंगाला?”

“उजवीकडे.”

“शाबास,” आत्या म्हणाली.

अंदाजाने दिलेले उत्तर बरोबर ठरले, एवढ्यावरून मी ते जन्माचे पाठ करून टाकले. पण त्या रात्री मला झोप आली नाही. मुंबईस परतल्यावर मी वहीच्या शेवटच्या पानावर महिन्यांची नावे लिहिली आणि एकेक महिना खोडू लागलो. त्या वर्षी मला साधा ताप आला, तरी मी भिंतीकडे तोंड करून आईला न दिसेल असा रडत असे. बारा महिने खोडून झाले आणि मी जिवंतच राहिलो, तेव्हा त्या समजुतीवरचा माझा विश्वास उडावयास हवा होता. पण पुढल्या उन्हाळ्यात आत्याने पुन्हा विचारले, मी पुन्हा ‘दिसली, उजवीकडे’ म्हणालो आणि नव्या पानावर पुन्हा बारा महिने लिहिले. भीतीला हिशेब समजत नाही, हे मी तेव्हा शिकलो. अकराव्या वर्षी वडिलांनी एके दिवशी मला अचानक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. चष्मा लागला. त्यानंतरच्या सुटीत मी खळ्यात उताणा पडून वर पाहिले आणि आकाशात इतके काही आहे हे पाहून मला जवळजवळ फसवले गेल्यासारखे वाटले. मधल्या चोराशेजारी अरुंधती खरोखरच होती. परंतु तोपर्यंत आत्याने ती विचारण्याचे सोडून दिले होते.

असो. ठरल्याप्रमाणे एका दुपारी आत्या, माझी नऊ वर्षांची नात आणि मी असे तिघे वरळीस पोचलो. मराठी खेळाला अवकाश होता. सुटीचे दिवस असल्यामुळे गर्दी चांगलीच होती. अशा गर्दीत मुले वडीलधाऱ्यांना ओढीत असतात आणि वडीलधारी माणसे भिंतीवरील माहिती मोठ्याने वाचून, ती आपल्याला पूर्वीपासूनच ठाऊक होती असा चेहरा करीत असतात. मीही तेच केले. निरनिराळ्या ग्रहांवर आपले वजन किती भरेल हे दाखवणाऱ्या काट्यांपाशी नातीने आत्याला नेऊन उभे केले. चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एकषष्ठांश; तेव्हा घरच्या काट्यावर ४२ किलो भरणारी आत्या चंद्रावर ७ किलोंची ठरली. मंगळावर ती १६ किलोंच्या आसपास आली आणि गुरूवर एकदम शंभरीच्या घरात गेली. “पणजीआत्या, गुरूवर तू माझ्या बाबांहून जड!” असे म्हणून नात टाळ्या पिटू लागली. आत्याही हसली, पण उतरताना काट्याची पायरी तिला दिसली नाही आणि तिने माझा दंड घट्ट धरला. तो तिने पुढे सबंध दुपार सोडला नाही.

मी या वास्तूत पहिल्यांदा आलो तो १९७८ साली. १९७७ च्या मार्चमध्ये तिचे उद्घाटन होऊन वर्ष लोटले होते. त्या काळी घुमटाखाली मधोमध एक काळे यंत्र उभे असे. दोन टोकांना दोन गोल आणि मध्ये त्यांना जोडणारा सांगाडा, असा तो प्रचंड मुंगळा पाहून आम्ही शाळकरी मुले आकाशाइतकीच त्याच्यावरही लुब्ध झालो होतो. या यंत्राची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. म्यूनिक येथील संग्रहालयाचे संस्थापक ऑस्कर फॉन मिलर यांना लोकांना आकाशाची गती समजावून देणारे काही साधन हवे होते. प्रथम कल्पना अशी होती की, एक मोठा पोकळ गोल करावा, त्याला भोके पाडावी आणि लोकांना आत बसवून तो गोलच फिरवावा. येना येथील झाइस कारखान्याचे वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी ही गोष्ट उलटी केली. घुमट स्थिर ठेवावयाचा, आणि मध्ये एक लहान यंत्र ठेवून त्याच्या भिंगांतून ताऱ्यांचे प्रकाशबिंदू घुमटावर टाकावयाचे. यंत्र फिरले की आकाश फिरले. १९२३ च्या ऑक्टोबरात म्यूनिकला ते प्रथम दाखवण्यात आले, तेव्हा त्यातून सुमारे ४५०० तारे उमटत होते. १९३० साली शिकागोला ॲडलर तारांगण झाले. आपल्याकडे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली एक छोटेखानी तारांगण आले, १९६३ साली कोलकात्याचे झाले आणि मागाहून मुंबईचे. तो काळा मुंगळा वरळीला आता नाही. २००३ साली तेथे संगणकाने चालणारी नवी यंत्रणा आली आणि आकाशाबरोबर आकाशगंगेच्या बाहेरही प्रेक्षकांना हिंडवून आणण्याची सोय झाली.

आम्ही खुर्च्यांत रेलून बसलो. दिवे एकदम न मालवता हळूहळू मंद करीत नेतात, हे मला फार आवडले. खरी संध्याकाळही दिवा विझवल्यासारखी येत नाही. मुलांचा कलकलाट आपोआप उतरत गेला, कोणी तरी खोकले, आणि घुमट काळाभोर झाला. मग एका क्षणी तारे प्रकट झाले. सबंध प्रेक्षागृहातून एकच उद्गार निघाला. शेकडो माणसांच्या तोंडून एकाच वेळी निघालेला तो ‘अहा’ ऐकून माझी अढी निम्मी विरघळली. या माणसांपैकी अनेकांनी, माझ्या नातीने तर नक्कीच, इतके तारे आयुष्यात कधी पाहिलेले नव्हते. ती खोट्याला भुलून उद्गारली नव्हती. जे आपल्या डोक्यावर नेहमीच होते आणि आपल्याला दाखवले गेले नव्हते, ते प्रथमच दिसल्याचा तो उद्गार होता. घराण्यातील मूळ दागिना गहाण पडलेला असावा, आणि त्याचे हुबेहूब चित्र पाहून नव्या पिढीने म्हणावे, ‘हे आपले होते?’ तसेच काहीसे.

आत्या काही बोलली नाही. तिचे डोके मात्र सारखे हलत होते. मला प्रथम त्याचा अर्थ कळेना. मग लक्षात आले की, तिच्या नळीत एका वेळी आकाशाचा लहानसा तुकडाच मावत होता, आणि ती ते तुकडे एकामागून एक वेचून मनात जोडीत होती. “बाज,” ती हलकेच म्हणाली. चार खूर तिने शोधून काढले होते. थोड्या वेळाने, “हे चोर. एक, दोन, तीन.” मग निवेदकाने रात्र वेगाने पुढे नेली. मृग मावळला, वृश्चिक उगवून दक्षिणेकडून सरकला, आणि सप्तर्षी ध्रुवाभोवती वळत वायव्येकडे उतरू लागले. पहाट होण्याच्या बेतात आकाश थांबले आणि एक छोटा बाण मधल्या चोरापाशी येऊन स्थिरावला. हा वसिष्ठ, आणि ही त्याच्याजवळची अरुंधती. दोघे आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षे दूर आहेत. दुर्बिणीतून पाहिले असता वसिष्ठ हा एक तारा नसून त्याचे घटक वेगळे दिसतात, आणि अरुंधतीलाही एक अत्यंत मंद सोबती असल्याचे २००९ साली आढळून आले. ज्यांना आपण दोघे समजून लग्नात दाखवतो, ते आता एकूण सहाजणांचे कुटुंब मानले जाते. ही माहिती मला घरी वाचून ठाऊक होती आणि ती आत्याला सांगण्यासाठी मी तिच्याकडे झुकलो. पण त्याआधीच तीच म्हणाली,

“दिसली हो.”

मी गप्प राहिलो. तिने पुस्ती जोडली, “उजवीकडे.”

अरुंधती वसिष्ठाच्या उजवीकडे नव्हती. पहाटेच्या त्या आकाशात ती त्याच्या वरच्या अंगाला होती, आणि चष्म्यातून मला अगदी स्वच्छ दिसत होती.

मंद तारा पाहण्याची एक युक्ती आकाशनिरीक्षकांना ठाऊक असते. त्याच्याकडे नेमके रोखून पाहावयाचे नाही. नजर किंचित बाजूला ठेवावयाची, म्हणजे तो दिसू लागतो. डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाला बारीक अक्षर चांगले दिसते, परंतु अंधुक प्रकाश टिपण्याची शक्ती त्याच्या कडेच्या भागात अधिक असते. आत्याची नेमकी ती कडच रोगाने खाल्ली होती. तेजस्वी तारे ती नळीतून एकेक वेचू शकत होती. कडेने दिसणारी अरुंधती तिला दिसणे शक्य नव्हते. आणि तरी ती ‘दिसली’ म्हणाली होती. ज्या घाईने म्हणाली, ती घाई मी चांगली ओळखत होतो. मला वहीचे शेवटचे पान आठवले. ८२ वर्षांच्या बाईला बारा महिन्यांची भीती वाटत असेल काय, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. काळोखात मी तिचा हात तसाच दंडावर राहू दिला.

त्यापुढे निवेदकाने काळाचे चाक फिरवले. पृथ्वीचा आस भोवऱ्याप्रमाणे हळूहळू डुलतो आणि त्याचा एक फेरा सुमारे २६,००० वर्षांत पुरा होतो. त्यामुळे आजचा ध्रुव नेहमीच ध्रुव नव्हता आणि राहणारही नाही. सुमारे १२,००० वर्षांनी अभिजित त्या जागेच्या आसपास असेल. याच गतीचा आधार घेऊन, वसंतसंपात मृग नक्षत्रात असतानाच्या वैदिक उल्लेखांवरून लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’मध्ये वेदांचा काळ मांडला होता. एरवी हे सर्व मी मोठ्या उत्सुकतेने ऐकले असते. त्या दिवशी मात्र ध्रुवाचे आसन डळमळताना पाहून मला भलतेच काही वाटत राहिले. लहानपणी ज्या एका माणसाला आकाशातील सर्व जागा ठाऊक होत्या, त्या माणसाची अरुंधती जागेवर राहिली नव्हती.

खेळ संपला. दिवे लागले, तसे सर्वजण डोळे चोळीत, जांभया देत, परक्या गावाहून आल्यासारखे एकमेकांकडे पाहू लागले. बाहेर चार वाजताचे ऊन होते. नातीला उसाचा रस हवा होता. तो घेऊन आम्ही सावलीत एका कट्ट्यावर बसलो. रसाचा पेला दोन्ही हातांनी धरून आत्या म्हणाली,

“अरुंधतीची एक गंमत असते बघ. वैशाखात तिन्हीसांजेला ती खालच्या अंगाला कललेली असते. आपण निजायला जायचो त्या वेळी उजवीकडे येते. आणि पहाटे वर चढते. आकाश वळते, तशी तीही वळते.”

“हो,” मी म्हणालो.

“तू मात्र कधीही विचारले तरी उजवीकडेच दाखवायचास.”

मी तिच्याकडे पाहतच राहिलो.

“पहिल्या वर्षी मला वाटले, दिसली असेल. दुसऱ्या वर्षी तुला पहाटे उठवून विचारले, तर झोपेतही तू ‘उजवीकडे’ म्हणालास. तेव्हा कळले.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलून काय करायचे? चार पोरांत तुझे हसे झाले असते. तुझ्या बाबांना पत्र घातले, पोराचे डोळे दाखवा म्हणून.” तिने रसाचा घोट घेतला. “मग तुला चष्मा लागला.”

वडिलांनी मला त्या दिवशी अचानक का नेले, हे मी कधी विचारले नव्हते, त्यांनी कधी सांगितले नव्हते, आणि आज ते सांगावयास नाहीत. पन्नास वर्षे मी समजत होतो की माझे खोटे पचले. ते पचले नव्हते. कोणी तरी ते मुकाट्याने उचलून, जेथे त्याचा उपयोग होईल तेथे पोचते केले होते.

आणि मग एकाएकी मला घुमटातील तिचे उत्तर आठवले. जिला अरुंधतीच्या तिन्ही प्रहरांच्या जागा तोंडपाठ आहेत, ती बाई पहाटेच्या आकाशात ‘उजवीकडे’ म्हणण्याची चूक करील काय? न पाहताही ती ‘वर’ म्हणू शकली असती, आणि मला संशय येण्याचे कारण उरले नसते. तिने मुद्दाम माझेच जुने उत्तर मला परत दिले होते. ‘मला दिसत नाही’ हे तीन शब्द तिलाही उच्चारता आले नव्हते. म्हणून जो ते ओळखील, अशा एकाच माणसाजवळ तिने ते ठेवले होते. मी तिच्याकडे पाहिले. ती नातीच्या ओठांवरचा रसाचा फेस पदराने पुसण्यात गुंतली होती; पहिल्या खेपेस पदर तिच्या गालावर गेला, दुसऱ्या खेपेस ओठांवर.

त्या रात्री थेंब घातलेस का, असे मी विचारले नाही. तिच्या उशाशी ठेवलेली बाटली उचलून दिव्यासमोर धरली. महिना होत आला होता आणि बाटली जवळजवळ भरलेली होती.

“हाताचा नेम चुकतो रे,” आत्या म्हणाली. “गालावरच ओघळतात. आणि रोज रोज कुणाला हाक मारायची?”

आमच्या घरात चार धडधाकट माणसे राहतात. त्यांपैकी कोणालाही रोज रात्री दोन मिनिटे बोलावणे तिला जड वाटावे, आणि मी रोज नेमाने एक प्रश्न विचारून समाधानाने झोपी जावे, या गोष्टीची मला जी लाज वाटली, ती येथे लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन मी त्यांना सर्व सांगितले. महिनाभरात जे गेले ते गेलेच; परंतु उरलेले अजून राखण्याजोगे आहे, असे त्यांनी तपासून सांगितले.

तेव्हापासून थेंब घालण्याचे काम मजकडे आहे. रात्री साडेनऊला आत्या गॅलरीतील आरामखुर्चीत मान मागे टाकून बसते. मी एकेका डोळ्यात एकेक थेंब घालतो. त्यानंतर काही मिनिटे डोळे मिटून राहावयाचे असते. गॅलरी उत्तरेकडे आहे. डोळे मिटलेल्या स्थितीत ती विचारते, “वर काय काय दिसते?”

मी वर पाहतो. हवा बरी असली तर बाजेचे दोन-तीन खूर दिसतात. एखादा चोरही सापडतो. जे दिसते ते मी सांगतो.

“आणि अरुंधती?”

लहानपणापासून या प्रश्नाचे एकच उत्तर माझ्या जिभेवर आहे. परंतु मुंबईच्या त्या पिवळ्या झाकणातून चष्मा लावूनही ती मला दिसत नाही, आणि तसेच मी तिला सांगतो.

“असू दे,” आत्या म्हणते. “आहे तिथेच.”